यादी तपासणी चालू आहे

३ मार्च

आज पुन्हा एक पुस्तक पोहायला गेलं. तलावाकाठी पहुडलेल्या एका बाईंच्या पोटावरून घसरलं म्हणे. परत देताना मलाच ऐकवलं, "बांधणी अगदीच कच्ची हो तुमची." जहाजावर तीन हजार प्रवासी. त्यातले चाळीस वाचनालयात येतात, त्यातले तीस गारव्याला झोप काढायला. उरलेल्या दहांतला एक पुस्तक बुडवतो.

ओलं पुस्तक खाली धुलाईत पाठवलं. तिथल्या इस्त्रीवाल्याशिवाय हे काम कुणाला जमत नाही. पानापानात टिपकागद घालतो, इस्त्री जेमतेम कोमट ठेवतो आणि एकेक पान दाबत जातो. दोन दिवसांनी पुस्तक थोडं फुगून, पण वाचण्याजोगं परत येतं. शाळेच्या ग्रंथालयात वीस वर्षं काढली मी, असा हात पाहिला नाही.

४ मार्च

दुपारी दोनला इस्त्रीवाला मागच्या आठवड्यात भिजलेलं पुस्तक घेऊन आला. या वेळी प्रवासी जेवून सुस्तावलेले असतात, म्हणून हीच त्याची वेळ. कामगारांनी इथे बसायचं नाही असा नियम आहे. त्यामुळे तो शेवटच्या कपाटामागे उभ्यानेच मुलांच्या पुस्तकातली गोष्ट वहीत उतरवून घेतो. कपाटांना आडव्या पितळी दांड्या आहेत, लाटांनी पुस्तकं पडू नयेत म्हणून. त्या दांडीवर वही टेकवतो.

अकरा वर्षांची मुलगी आहे त्याला. बंदरात उतरला की फोनवर तिला पुढचा भाग सांगतो. पोरगी मोठी चौकस. "मागच्या वेळी तर तो म्हातारा बहिरा होता, आता ऐकू कसं यायला लागलं?" असं पकडते म्हणे. म्हणून आता हा सगळं लिहून नेतो. बापाला परीक्षेला बसवलंय कार्टीने.

गेल्या बंदरातून बोलला तेव्हा तिच्या अंगात कसकस होती. "शाळा बुडवायला निमित्त," म्हणाला. पण लिहिताना दोनदा थांबला. पुढचं बंदर नऊ तारखेला. तोवर नुसतं पाणी, आणि खालच्या मजल्यांवरचं इंटरनेट आठवडाभर बंदच आहे.

५ मार्च

सकाळी कर्मचारी-साहेब आले. "मॅडम, नऊ तारखेला सकाळी आठ वाजता खोली रिकामी हवी."

हे वाक्य म्हणजे काय ते मला पाठ आहे. जहाजावर कुणाच्या घरून वाईट बातमी आली, की ती त्याला इथे आणून सांगतात. एवढ्या मोठ्या जहाजात दार लागतं आणि गाणी वाजत नाहीत अशी ही एकच खोली! मी बाहेर 'यादी तपासणी चालू आहे' अशी पाटी लावते, आत पाण्याचा ग्लास आणि कागदी रुमाल ठेवते, खिडकीजवळच्या मोठ्या खुर्चीत त्या माणसाला बसवते आणि बाहेर पडते. या वर्षी पाच वेळा यादी तपासून झाली. प्रवाशांतले एक निवृत्त न्यायाधीश परवा म्हणाले, "फार चोऱ्या होतात वाटतं तुमच्याकडे." हो म्हटलं.

कुणाचं आहे हे साहेब कधी सांगत नाहीत. आज सांगितलं. इस्त्रीवाल्याची मुलगी. ताप मेंदूत गेला. कालपासून दवाखान्यात. त्याच्या मेव्हण्याचा निरोप आलाय.

"गेली?"

"नाही, शुद्धीवर आहे. मधूनमधून बोलते. बाबांना फोन लावा म्हणते."

"मग लावा की! तुमच्या ऑफिसात उपग्रहाचा फोन आहे ना? दोन मिनिटं बोलू द्या त्याला."

"कप्तान नाही म्हणतात. बंदर लागल्याशिवाय कुणाला काही सांगायचं नाही. का, ते तुम्हाला मी सांगायला नको."

नकोच. दोन वर्षांपूर्वी एका आचाऱ्याची बायको गेली. बंदर चार दिवसांवर होतं. तेव्हाही साहेब थांबू म्हणत होते. "माणसाची बातमी माणसापासून लपवू नका," असं तावातावाने बोलणारी मीच होते. सांगितलं. आचारी इथे त्या खुर्चीत बसला, ग्लासभर पाणी प्यायला, मला "बरं" म्हणाला आणि वरच्या डेकवर गेला. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. कठड्यापाशी त्याच्या चपला नीट जोडीने ठेवलेल्या होत्या.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

जाताना साहेब म्हणाले, "तो येतो ना तुमच्याकडे? लक्ष ठेवा जरा. बोलू मात्र काही नका."

५ मार्च, संध्याकाळ

दोनला आला. वही घेऊन नेहमीसारखा कपाटामागे जायला लागला. मला ते बघवेना. "तिकडे कुठे उभे राहता? या, इथे बसा," म्हटलं. तो कचरला. मी हात धरून खिडकीजवळ नेऊन बसवलं. प्रवाशांसाठीच्या यंत्रातून चहा आणून दिला. मुलांचं ते पुस्तकच त्याच्या हातात ठेवलं. "उतरवत काय बसता? घेऊन जा, तुमचंच समजा."

तो पुस्तकाकडे बघत राहिला. चहा निवला. "ताई, तुमच्या नोकरीवर यायचं," एवढंच बोलला. मी हसून वेळ मारून नेली. पाच मिनिटांत उठून गेला. पुस्तक तिथेच खुर्चीवर.

बोलले नाही, पण निदान माणसासारखं वागवलं. माझ्याच्याने तेवढंच झालं.

६ मार्च

आला. वही आणली नव्हती. ओलं पुस्तक वगैरे काही नसताना आला! मी पुन्हा बसायला सांगितलं, बसला. खिडकीतून पाणी बघत होता. मी उगाच इकडचं तिकडचं बोलत राहिले — न्यायाधीशांनी रहस्यकथेचं शेवटचं पान फाटलंय म्हणून मलाच आरोपी कसं केलं, ते. तो मान हलवत होता. मुलीचं नावही काढलं नाही. मनात म्हटलं, बरं झालं. काढलं असतं तर मी कुठे बघितलं असतं?

तो गेल्यावर साहेबांकडे गेले. पुन्हा म्हटलं, फोन द्या. मी शेजारी बसते त्याच्या, हात सोडणार नाही, हवं तर दोन माणसं ठेवा दाराशी. साहेब वाईट माणूस नाहीत. डोळे चोळत बसले. "मागच्या वेळीही तुम्हीच म्हणाला होतात," एवढंच म्हणाले.

७ मार्च

मुलगी आज सकाळी गेली. साहेबांनी नऊ वाजता येऊन सांगितलं.

दुपारी तो आला, बसला, गेला. मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले होते.

८ मार्च

आज आला नाही. खाली जाऊन दारातून बघून आले. चादरी इस्त्री करत होता. घडीवर घडी, कडा जुळलेल्या. शेजारचा धुलाईवाला म्हणाला, "चार दिवस झाले, बोलतच नाही कुणाशी. जेवत पण नाही धड." वाटलं, बापाच्या जिवाला आधीच कळतं म्हणतात ते खोटं नाही.

एकदा वाटलं, आत्ता सांगून टाकावं. पण आता सांगून काय? ज्या दिवशी सांगायला हवं होतं तो दिवस गेला. स्वतःचीच शिसारी आली.

९ मार्च

आठ वाजता पाटी लावली. पाणी, रुमाल. त्याला साहेबांनी आणलं. मी बाहेर उभी होते. एक प्रवासी बाई मासिकासाठी हुज्जत घालत होत्या, "यादी काय, कधीही करता येते." त्यांना वाटेला लावलं.

दहा मिनिटांत साहेब बाहेर आले. हायसं वाटल्यासारखे दिसले. "फार शांतपणे घेतलं हो. काही विचारलंसुद्धा नाही. मी म्हटलं, मुलगी ताप मेंदूत जाऊन गेली. तो म्हणाला, हो. तिकीट काढलंय, अकराच्या आत उतरेल."

आत गेले. त्याने रुमालाला हात लावला नव्हता. मी जवळ बसले, पाठीवरून हात फिरवला. रडला नाही. मीच रडले. त्यानेच मला पाणी दिलं.

९ मार्च, दुपार

उतरताना शिडीपर्यंत गेले त्याच्याबरोबर. हातात एकच पिशवी. थांबला आणि म्हणाला, "ताई, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. तुमच्यामुळे मला चार दिवस आधीच कळलं. त्या खुर्चीत आमच्यातल्या माणसाला कधी बसवतात, ते खाली सगळ्यांना ठाऊक आहे. तुम्ही बसवलंत, तेव्हाच समजलो, पोरगी गेली. त्या दिवशी जीव लागत नव्हता, म्हणून तुमच्याकडून निघून साहेबांकडे फोन मागायला जाणार होतो. मग नाही गेलो. म्हटलं, आता बोलायचं कुणाशी?"

त्या दिवशी ती शुद्धीवर होती. त्यानंतर दोन दिवस होती.

मी त्याला सांगितलं नाही. उद्या तो घरी पोचेल, आणि कुणीतरी त्याला तारीख सांगेल.