नानांचे देव

धुळे, सोमवार, १९५३

आजही नाना आले. ज्यांच्याकडून हे घर घेतलं, तेच. त्यांचे देव अजून आमच्या देव्हाऱ्यात आहेत. नंतर नेतो म्हणाले होते. तोवर दिवा लावायला रोज येतात. मला वाटायचं, भाविक माणूस.

दुपारी घरपट्टी नावावर करण्यासाठी वकिलांकडे गेलो. खत वाचून ते म्हणाले, "ही मुदत खरेदी आहे. मुदतीच्या आत नानांनी पैसे परत केले, की घर पुन्हा त्यांचं." मी ‘खरेदी’ हा शब्द तेवढा धरून बसलो होतो. मुदत कसली, कुणाची, विचारलंच नाही. आणि हिच्या पाटल्या मोडून फरशी बसवली, स्वयंपाकघर वाढवलं! मागची भिंत तेवढी बांधायची राहिली.

नाना घर विकून देव मागे ठेवतात, हे हिला पहिल्याच दिवशी खटकलं होतं. "देव ठेईसन कोन घर इकस?" मी हसलो होतो.

संध्याकाळी नानांनी दिवा लावला, पण नजर देवांवर नव्हती. नव्या फरशीवर अनवाणी पाय सावकाश फिरवत उभे होते. 

जाताना दारात थांबून म्हणाले, "आते मांगनी भिंत बी बांधी टाका, भाऊ. पाऊसमा पडी जाई."