अनंताचं राहिलेलं काम

३ नोव्हेंबर
धसईत आले. एसटी वेळेवर, सामान शाबूत, खोली अपेक्षेपेक्षा उजेडाची. खिडकीतून भाताच्या उडव्या, मागे डोंगर. कॉम्प्युटर लावला, रोजनिशी आता त्यावरच टाइप करीन. घरमालकीण धोंडाबाईंचा मुलगा अनंता गेल्या आठवड्यात वारला. व्हिडिओ शूटिंग करायचा, ही खोली त्याचीच. शेजारचे महादू म्हणाले, बाई, सुतक फिटल्यावर यायचं व्हतं. मी म्हटलं, करारात आजची तारीख आहे. कल्याणला नम्रताला फोनवर सांगितलं तेव्हा ती खूप हसली. भाची असली तरी मीच वाढवलेली. माझ्यासारखीच तिलाही ताटकळणं जमत नाही.

६ नोव्हेंबर
अनंताचा दहावा. नदीवर पिंड ठेवला. कावळे उंबरावर बसून, एकही खाली येईना. दोन तास. अशा वेळी कोणीतरी हात जोडून मेलेल्याची राहिलेली इच्छा पुरी करायचं कबूल करतं. इथे सगळे जमिनीकडे बघत गप्प. ऊन चढलं, धोंडाबाईंना भोवळ येऊ लागली. मी विचारलं, काय राहिलंय त्याचं? कोणीतरी पुटपुटलं, एक व्हिडिओ अर्धा हाय. मी पुढे झाले, हात जोडले, स्पष्ट आवाजात म्हटलं, तुझं राहिलेलं काम मी पुरं करते. कावळा तत्काळ शिवला.

आभार कोणीच मानले नाहीत. परतताना महादू एवढंच बोलले: "आमी दोन तास गप का बसलो व्हतो, कळलं नाय तुमाला? दर्भाचा कावळा लावून भागवला असता."

९ नोव्हेंबर
व्हिडिओ अनंताच्या जुन्या हार्ड डिस्कमध्ये आहे. विटेएवढा डबा, मागे फक्त फायरवायरचं तोंड. माझ्या कॉम्प्युटरला ती वायर लागत नाही. सीपीयू जीपमध्ये घालून मुरबाडला रत्नदीपच्या दुकानात नेला. त्याने भंगारातून कार्ड शोधून बसवलं. म्हणाला, काम झालं की काढून टाका. ही वायर कॉम्प्युटरला विचारत नाय, डबा सरळ मेमरीत हात घालतो. मग विचारलं, डिस्क कोणाची? सांगितल्यावर कार्ड परत मागू लागला. मी दिलं नाही.

१० नोव्हेंबर
दुपारी जोडली. तीन फोल्डर. 'मंगळू' हा अनंताचा उस्ताद. त्याच्या दहाव्याचा व्हिडिओ. शेवटी अनंता हात जोडून म्हणतो, तुजं राहिलेलं काम मी पुरं करतो. 'अनंता': सहा तारखेचा दहावा. शेवटी मी.

त्या दिवशी नदीवर कॅमेरा नव्हता. डिस्क कपाटात होती.

तिसरा बिननावाचा. तीच नदी, तोच उंबर, पाठमोरी माणसं. पिंडापाशी ठेवलेल्या फोटोच्या चौकटीत नुसतं पांढरं. चार मिनिटांवर तुटतो.

११ नोव्हेंबर
आज सहा मिनिटं भरला. चौकटीत चष्मा उमटलाय. धोंडाबाई मला विहिरीवर पाणी भरू देत नाहीत. जाब विचारला तर म्हणाल्या, माजा पोर सुटला, आता तुजं तू बघ.

१२ नोव्हेंबर
फोटो माझा. गर्दीत नम्रता, घड्याळ बघते आहे.
वायर उपटली. डब्याचा दिवा तसाच.
आणि वर, परवाच्या नोंदीखाली, मी न लिहिलेलं वाक्य — राहिलेलं काम नम्रता पुरं करील. खोडलं. परत आलं. खोडलं —

१३ नोव्हेंबर. वहीत, पेनाने.
फोन लागत नाही. ही वही नम्रताला द्या म्हणून महादूंकडे गेले. आतून कडी घातली त्यांनी. वही पिशवीत, तिच्या नावाने ठेवते.

डबा सुटा पडलाय, तरी पडद्यावर चालूच. नऊ मिनिटं. कावळे उंबरावर. नम्रता पुढे येतेय —

नम्रता, माझा कावळा शिवणार नाही. न शिवू दे. दर्भाचा लाव आणि घरी जा. ऊन चढलं, कोणी भोवळ येऊन पडलं, तरी — घाई नको. तू माझ्यासारखी —

छातीत —

हात जोडतेय ती. नको. गप्प राहा. काही कबूल —