उकळत्या दुधातले थेंब

गुरुवार, संध्याकाळ

यांचा गुडघा आज जरा बरा. लेकाचा, निखिलचा, खोकला गेला. माझं सगळं ठीक, मन सोडून. अन् ओजस? सव्वा वर्षाचा माझा नातू बिबवेवाडीला आजोळी दूध पिऊन शांत झोपतोय म्हणे.

इथे दूध प्यायला की पोट धरून रडायचा. मी सुनेला, मुग्धाला, ताडकन म्हणाले, "नोकरीपायी लवकर अंगावरचं सोडवलंस, त्याचे भोग हे." ती लेकराला घेऊन माहेरी गेली.

आज निखिलने विचारलं, "आई, ओजसच्या पोटासाठी डॉक्टरांनी दिलेले थेंब कसे द्यायचीस?"

"दुधात घालून चांगली उकळी आणायचे."

"झालं! अगं, दुधातली साखर फोडणारं एन्झाइम ते. उकळलंस की संपलं. मुग्धाने सांगितलं नव्हतं, कोमट दुधात घाला म्हणून?"

सांगितलं होतं. मला वाटलं, कालची पोर मला दूध शिकवते! एन्झाइम म्हणजे साचा, त्यात नेमकी तीच साखर बसते अन् तिचे दोन तुकडे होतात, हे पुस्तकात वाचून मीच सगळ्यांना सांगत फिरते. तापलं की साचा वाकडा होतो, हेही तिथेच होतं. विरजणसुद्धा कधी कढत दुधाला लावलं नाही मी. मग थेंब कसे उकळले? तिचं ऐकायचं नव्हतं, दुसरं काय.

फोनवर लिहिलं: "मुग्धा, थेंब मी वाया घालवले अन् बोल तुला लावला. ये म्हणायला तोंड नाही. पण दोन ओळी लवकर लिही गं."