एका रजईतला ताप

दादा,

तुझ्या मूत्राशयाच्या कॅन्सरचं खापर तू छापखान्यातल्या शाईवर फोडून मोकळा झालास. मीही मान डोलावली. पण डॉक्टरांना मी एकटीने गाठलं होतं.

ते म्हणाले, "लहानपणी लागलेला एक विषाणू मूत्रपिंडात निपचित पडून राहतो. दात्याच्या मूत्रपिंडासोबत तोही येऊ शकतो. मूत्रपिंड बदललं की औषधांनी प्रतिकारशक्ती दाबावी लागते, तेव्हा तो डोकं वर काढतो. त्यातून असा कॅन्सर होत असावा, असा संशय आहे. सिद्ध झालेलं नाही."

सहा वर्षांपूर्वी तुला मूत्रपिंड दिलं ते मी.

डॉक्टरांशी बोलल्यापासून डोळ्यांसमोर आईची निळी रजई येते. एकाला ताप आला की ती दुसऱ्यालाही त्याच रजईत ढकलायची. "दोघांचं एकदमच उरकू दे. मला दोनदा रजा मिळत नाही." मग आपला पेला एक, उशी एक. बाबांच्या छापखान्यातली उलटी अक्षरं तू माझ्या पाठीवर बोटाने काढायचास आणि मी ओळखायचे. ताप उतरूच नये असं वाटायचं.

मला एवढंच विचारायचं होतं, त्या रजईत ताप आधी कोण घेऊन आलं? तू की मी?

पण तुला मी ओळखून आहे. बरणी मी फोडायचे आणि आई ओरडायच्या आत "मीच" म्हणायचास तू. आताही तेच म्हणशील, आणि मी विश्वास ठेवीन. म्हणून हे पत्र माझ्याकडेच राहू दे.

उद्या डबा घेऊन येते. दोघं मिळून शाईलाच शिव्या घालू.

तुझी,
ठकी