खळ लावलेलं आतडं

कंधार, बुधवार

तीर्थस्वरूप भुजंगमामांस, उज्वलाचा दोन्ही हात जोडून नमस्कार (एक हात निळा आहे, कारण खाली येतंय). मामीच्या गुडघ्याला उतार पडला का? इकडं सगळे खुशाल. रविवारच्या माझ्या लग्नाची तयारी जोरात चालू आहे. तुमचा फेटा पण खुशाल आहे. म्हणजे आता आहे.

लातुरात एवढ्या लाँड्र्या असून तुम्ही फेट्याला खळ लावायला कंधारच्या गुरुबसप्पा परटाकडंच देता, आणि घेऊन ठेवायचं काम माझ्याकडं. "भाचीला मांडवात आणीन तर ह्याच फेट्यानं, न्हाई तर बाहेरच उभा राहीन," असं तुम्ही सुपारीच्या दिवशी चारचौघांत म्हणालात, ते ध्यानात आहे. म्हणून सोमवारी शाळेत जाता जाता आठवणीनं घेतला. इथपर्यंत माझी काही चूक न्हाई.

सोमवारी शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. माझ्या सातवीच्या पोरींचा नमुना होता लहान आतड्याचा. पातळ पडद्याच्या, झिरपणाऱ्या नळीत चावलेला भात आणि पाचक गोळी घालून ती पाण्याच्या टबात सोडायची. पाणी म्हणजे रक्त. भाताची साखर होऊन ती पाण्यात झिरपते, स्टार्च आतच राहतो. मग पाण्यात आयोडीन टाकायचं. निळं झालं तर स्टार्च बाहेर आला, म्हणजे पचन नापास. पण नळीच आली न्हाई! कुरियरवाला म्हणे, ती नायगावला गेली. (आतडं नायगावला, भात कंधारला.) पोरी रडकुंडीला आल्या. भात तर चावून तयार. (मीच चावला, दोन वाट्या. जबडा अजून दुखून राहिला.) आणि पिशवीत तुमचा फेटा, पांढराशुभ्र, बारीक विणीचा.

टाचण्या लावून नळी केली. परीक्षक साहेब आले, मी ऐटीत आयोडीन टाकलं आणि अगं बाई, टब काळानिळा! टब काय, अख्खं आतडं काळंनिळं. साहेब म्हणाले, ह्या माणसानं जन्मात काही पचवलेलं दिसत न्हाई. तवा डोक्यात उजेड पडला. खळ म्हणजे तरी काय, स्टार्चच की! भात बिचारा पचला का न्हाई, देवालाच ठाऊक. मी साहेबांना ठणकावलं, हे आतडं वीस वर्षं माझ्या मामाच्या डोक्यावर होतं, त्यात दोष निघायचा न्हाई. त्यांनी प्यायला पाणी मागितलं. (टबातलं न्हाई.)

घरी येऊन मी लई रडले, मामा. बक्षिसासाठी न्हाई. बाबा गेल्यावर हाच फेटा बांधून तुम्ही माझं नाव कॉलेजात घालायला आला होता. पण काळजी नको. गुरुबसप्पानं सात पाण्यांतून काढला, डाग साफ गेला.

तुमची भाची,
उज्वला

ता. क. डाग गेला हे खरं. पण लहान आतडं सहा मीटरचं असतं आणि तुमचा फेटा नऊ मीटरचा. नमुना मापात पाहिजे, असा नियम होता. म्हणून कात्री लावली. उरलेल्यातून दीड मीटरचं मोठं आतडं केलं. एकूण तीन तुकडे.

आणखी एक. तिन्ही तुकडे शिवलेत. शिवण मागं येईल असा बांधा. न्हाईच बांधावा वाटला तर उघड्या डोक्यानं या, पण या. तुम्ही हात धरल्याबिगर मी मांडवात पाऊल टाकणार न्हाई. बाहेरच उभी राहीन, तुमच्या बाजूला.