गोरा मासा

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी गेल्या महिन्यात जे पाहिलं ते तुमच्याखेरीज कोणाला सांगावं कळेना. इथे पनवेलला स्टेशनजवळ त्वचेचा एक दवाखाना निघालाय. उरणला दिलेली माझी बहीण लेकीला रंग उजळायचं इंजेक्शन द्यायला तिथे घेऊन आली, कारण रविवारी मुलगी बघायला पाहुणे यायचे होते. सोबत मलाही नेलं. आत एसीत कसलासा गुलाबी वास फवारलेला, आणि डॉक्टरांच्या मागे भलामोठा फोटो. वर काळ्या पट्ट्यांचा झेब्रामासा, त्याखाली फिकट सोनेरी. आपल्या प्रयोगशाळेतलाच मासा, बाई. बाजूला अक्षरं: आधी, नंतर.

मी त्या फोटोकडे बघत राहिले. आणि एकदम मी पुन्हा तुमची विद्यार्थिनी होऊन प्रयोगशाळेत उभी आहे. सूक्ष्मदर्शकाखाली काचेसारखं अंडं, आत पाठीकडून निघालेल्या रंगाच्या पेशी अंगभर पांगतायत. कुठली काळी होणार, कुठली पिवळी, कुठली चंदेरी, ते जनुकं ठरवतायत. शेजारच्या बशीत एक जनुक बिघडलेलं फिकट पिल्लू. "रंग गेला," मी म्हणते. तुम्ही डोकंसुद्धा वर करत नाही. "गेला कुठे? पेशी जागच्या जागी आहेत. आतले काळे दाणे बारीक नि कमी झालेत. न बघता बोलू नकोस."

"सेम जीन माणसातही असतो, मॅडम," डॉक्टर हसून सांगत होते. "हा काळा, हा गोरा. प्युअर सायन्स." गोरा! माशाला गोरा म्हणताना त्या माणसाची जीभ अडखळली नाही. मी म्हटलं, "एक जनुक बिघडलं की पेशीतले काळे दाणे बारीक होतात, तो अंड्यातूनच तसा निघतो. कुठल्या सुईनं झालेला नाही. फसवताय तुम्ही लोकांना." बहीण माझ्यावरच तडकली. "आमाला मासं नाय शिकायचं. पोरीचं लगीन तू जमवशील काय?" ट्रेमध्ये सुई भरून तयार होती. भाची इतका वेळ त्या सुईकडेच बघत होती. तिनं वर केलेली बाही खाली ओढली. "माशाला कोण बघायला येतं का गं आई?" एवढं बोलली आणि उठून बाहेर गेली.

पाहुणे आले, चहा पिऊन गेले, आणि रंगाचं कारण देऊन नकार कळवला. बहीण माझ्याशी बोलत नाही. भाची द्रोणागिरीला गोदामाच्या ऑफिसात रोज कामाला जाते. माझ्या मनातली किळस मात्र जात नाही. त्या खोलीबाहेर लेकींना घेऊन हौसेनं रांगेत बसलेल्या आयाही आठवतात.

हे लिहिलेले कागद आता कुठे पाठवणार, बाई? पेशी, दाणे, जनुक, सगळं मी त्या खोलीत मोठमोठ्यानं सांगितलं. ती पोर किती देखणी आहे, हे तिला मात्र अजून सांगितलेलं नाही.