चार नारळांचा होकार

इन्सुली,
१९ एप्रिल

ती. नर्मदाताईस,

गुरुदासचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (डोकं तिथेच ठेवून पुढचं लिहितो आहे. वर बघायचं धैर्य नाही.) इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. तुझा गुडघा कसा आहे? भावोजी अजून चोरून गोड खातात का? खात असतील तर रागावू नकोस. चोरून काही करणाऱ्या माणसाबद्दल मला हल्ली फार कळवळा येतो.

तुला आठवतच असेल, काजूच्या बोंडांचं सरबत बाटल्यांत भरून विकायचा बेत मी तुझ्या कानावर घातला होता. बँकेला तारण म्हणून बाबांची काजूबाग हवी, आणि निम्मी बाग तुझ्या नावावर. सही मागितली तेव्हा तू दोन अटी घातल्यास: एक, ग्रामदेवीचा कौल घे, दोन, धंद्यातलं कळणारं एखादं शिकलेलं माणूस ठेव. पहिली अट मी फेब्रुवारीतच उरकली आणि 'देवीने उजवा दिला' असं तुला फोनवर कळवलं. दुसऱ्या अटीसाठी 'नवीन व्यवसायवाढीसाठी वरिष्ठ आर्थिक विश्लेषक पाहिजे' अशी जाहिरात दिली आणि तीच आपल्या काजूच्या कारखान्याच्या फाटकावरही चिकटवली. (दोन दिवस काजू विकायला कोणी आत येईना. लोकांना वाटलं धाड पडली.)

अर्ज तीनच आले. पहिला पुण्याचा, तो फोनच्या पडद्यावरून इंग्रजीत बोलत होता, मी मान हलवत होतो, आणि मधेच रेंज गेल्यावर आम्हा दोघांनाही सुटल्यासारखं झालं. दुसऱ्याला इन्सुली कुठे आहे ते सांगितल्यावर तो आलाच नाही. तिसरी ॲश्लिन, आपल्या मॅन्युएल मास्तरांची मुलगी. बंगळूरला दहा वर्षं मोठ्या कंपनीत होती, मास्तर एकटे पडले म्हणून परत आली. मुलाखत मी घ्यायची होती, पण पाचव्या मिनिटाला घाम मला फुटला होता. बोंड झाडावरून पडल्यावर किती तासांत आंबतं? हंगाम दोन महिन्यांचा, मग उरलेले दहा महिने कामगार काय करणार? मी म्हटलं, बाटल्या पुसतील. तिने ते लिहून घेतलं. ताई, माझं बोलणं आजवर कोणी लिहून घेतलं नव्हतं, आणि कोणी घेऊही नये. देवी नको म्हणेल आणि सुटका होईल म्हणून तिच्या नेमणुकीचाही कौल लावला. बाबू गुरव घाईत होता, एकच नारळ ठेवला, आणि देवीला लावलेल्या फुलाच्या पाकळ्यांपैकी पहिल्याच खेपेला उजवीकडची पडली, म्हणजे होकार.

तेव्हापासून मी माझ्याच कारखान्यात मागच्या दाराने शिरतो. ती कधी आवाज चढवत नाही, हेच जास्त भयंकर आहे. ऑफिसात शुद्ध मराठीत 'जरा समजून घ्यायचं होतं' म्हणते आणि मी मागचं दार शोधतो. काजू फोडणाऱ्या बायका मात्र तिच्यावर खूश आहेत. सत्यवती तर आपल्या डब्यातलं सुंगटाचं, म्हणजे कोळंबीचं, तिखलं तिला वाढते. (मला पंचवीस वर्षांत एक सुंगटही दिलेलं नाही.) गेल्या आठवड्यात ॲश्लिनने विचारलं, आजवरचे मोठे निर्णय कसे घेतलेत? मी छाती पुढे काढून म्हटलं, देवीला विचारून. वाटलं, आता गप्प बसेल. ती मान हलवून 'बरं' म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी थेट देवळात बाबू गुरवाकडे जाऊन बसली.

आता बाबूचं तुला ठाऊक आहे. कौलाच्या दर खेपेला देवीपुढे एक नारळ, आणि त्याची एक कवड, म्हणजे अर्धा नारळ, बाबूच्या घरी. त्यामुळे त्याला कुठला कौल कधी लागला ते तोंडपाठ. त्याने सगळं सांगितलं. बाबांनी भाजायची भट्टी घेतली, एक नारळ. हमरस्त्यालगतची जागा, एक नारळ. माझा कुणकेश्वरचा बुडालेला बर्फाचा कारखाना, तीन नारळ. आंबोलीचं हॉटेल, ज्यात पावसाळ्यात गिऱ्हाइकांऐवजी बुरशी बसली, ते पाच नारळ. आणि सरबत? बाबू म्हणाला, "त्या दिसाक चार कवडी घराक नेलंय, माका बरा ध्यानात आसा."

पहिल्या खेपेला पाकळी डावीकडची पडली खरी, पण तेव्हा वारा होता. दुसऱ्या खेपेला फूल शिळं होतं. तिसऱ्या खेपेला बाबू शिंकला. चौथ्या खेपेला सगळं नीट जमून आलं आणि उजवा पडला. हे मी ॲश्लिनला समजावून सांगितलं. तिने वही मिटली, ऑफिसातलं मराठी बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "देवीन पयल्याच खेपेक सांगल्यान, काका. तुमीच आयकूक नाय." मास्तरांची छडी परवडली असती. देवळात जन्मात पाय न ठेवलेली ही मुलगी देवीच्या बाजूने बोलत होती, आणि देवीचा एवढा भक्त मी खाली बघत होतो.

भावोजींना नमस्कार. गुडघ्याला तेल लाव.

तुझा,
गुरुदास

ता. क. १: तू त्या कागदावर अजून सही केली नसशील तर करू नकोस. एवढंच लिहायला बसलो होतो, पण धीर व्हायला इतकी पानं लागली.

ता. क. २: पाकीट चिकटवत होतो तोच तुझं कुरिअर आलं. सही आहे. सोबत तुझी चिठ्ठी: 'देवीन उजवो दिल्यान म्हणतस, मगे मी कोण इचारणारी? सही केलंय.' ताई, वाऱ्याचं, शिळ्या फुलाचं, शिंकेचं सगळं खोटं. मी तुला फसवलं. बँकेचा माणूस तीन वाजता यायचा होता. कागद टेबलावर आणि समोर ॲश्लिन. तिने एक शब्द उच्चारला असता तर मी हट्टाने कागद दिलाही असता, पण ती काजूच बघत बसली. शेवटी मीच फाडला. सरळ फाटलाही नाही. बँकेच्या माणसाला कोकम सरबत पाजून परत पाठवला. बाग तुझी आहे तशी आहे.

ता. क. ३: खरं मागणं हे. येत्या रविवारी ये. देवीपुढे गाऱ्हाणं घालून माफी मागायची आहे आणि मला एकट्याला तिथे उभं राहायची भीती वाटते. तू शेजारी असलीस तर दोघींपैकी कोणाला जास्त भ्यायचं या विचारात तरी वेळ जाईल. नारळ मात्र आणू नकोस. मी चार म्हणत होतो, ॲश्लिनने एकच मंजूर केला आहे.